बंदर लाइनचं पांढरं औषध

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात हरेश्वर नावाचा एक माणूस होता आणि त्याच्या पोटात कायम काहीतरी दुखत असे. वैद्याने नाडी पाहिली, काढे दिले, ओवा चघळायला सांगितला आणि शेवटी हात टेकले. म्हणाला, "बाबा, हे पोट तुझं नाहीच. शेजाऱ्यांचं आहे. त्यांचं बरं चाललं की तुझं बिघडतं." हे खरंच वैद्य म्हणाला की कोळीवाड्यातल्या कोणा चावटाने वैद्याच्या तोंडी घातलं, याच्या खोलात जाऊ नये. निदान मात्र बिनचूक होतं.

शेजारच्या बायजाआत्याचे बोंबील आपल्या आधी वाळले की हरेश्वर आभाळाकडे बघून म्हणायचा, "ऊनसुद्धा माणूस बघून पडतं." स्वतःच्या लग्नात भावाचा, दादूचा, फेटा आपल्या फेट्यापेक्षा दोन बोटं उंच बसलाय असं वाटून त्याने वरात वाटेत थांबवली आणि फेटा पुन्हा बांधायला लावला. नवरी, म्हणजे केसर, तेव्हापासून ओळखून होती की आपल्याला सवत नाही, पण नवऱ्याला सगळं गावच सवत आहे.

दादूवर त्याचा राग होता त्याला कारणही होतं. बापाची होडी दादूकडे गेली, कारण हरेश्वरला दर्या मानवला नाही. कोळ्याच्या पोटी जन्मून होडी खाडीबाहेर पडली की हा आडवा! ओकून ओकून हिरवा व्हायचा. पण होडी बंदराला बांधलेली असली की डोलकाठीवर चढावं ते हरेश्वरनेच. कसलाही आधार नको, पायाच्या अंगठ्यांनी काठी धरत सरसर वर. दादू खालून ओरडायचा, "तिथंच राहा रं! वर असलास की बरा दिसतोस!" सगळे हसायचे. हरेश्वर वरून कोण कोण हसलं ते ध्यानात ठेवायचा.

या चढण्यानेच त्याचं नशीब उघडलं. सन बत्तीसमध्ये रतनशेट या गुजराती व्यापाऱ्याने आपल्या भात भरडायच्या गिरणीत इंजिनाला डायनामो जोडला आणि गावात वीज आणली. दिवसा इंजिन भात भरडायचं, दिवेलागणीपासून दहापर्यंत उजेड करायचं. गिरणीतून दोन लाइनी निघाल्या. एक बाजारातून देवीच्या देवळापर्यंत, ती बाजार लाइन. दुसरी मोहल्ल्यावरून मासळीच्या वखारींपर्यंत, ती बंदर लाइन. खांबांवर चढायला दोन माणसं हवी होती. एक हरेश्वर. दुसरा मोहल्ल्यातला यूनुस, मुंबईच्या गोदीत दोन वर्षं खलाशी राहून आलेला, सडपातळ, कमी बोलणारा, आणि हरेश्वरच्या मते उगाचच देखणा.

प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या खांबावर चिनीमातीची एक पांढरी डबी बसवली होती. डबीत दोन पितळी पकडी आणि त्यांच्या मधे शिशाची एक बारीक तार. हीच फ्यूज. रतनशेटने पहिल्याच दिवशी दोघांना समोर उभं करून सांगितलं, "लाइनमंदी काय गडबड झाली, की पहिले हे तार मरेल. हे मरते म्हणून माझा डायनामो जिवंत राहते. समज्या के? मरायच्या कामाला ठेवलेला माणूस हाय ए."

मग इंजिनावरच्या दिनानाथ मास्तरांनी डबी उघडून सगळं नीट समजावलं. कशी उघडायची, कशी पुसायची, तार कधी बदलायची, का बदलायची. चांगला तासभर बोलले. पण हरेश्वरचं लक्ष वेगळ्याच हिशेबात होतं. मास्तर बोलताना यूनुसकडे अकरा वेळा बघतात आणि आपल्याकडे चारच वेळा, हे त्याने बोटांवर मोजलं. मोजणी चोख झाली. मास्तर बोलले काय, तेवढं राहून गेलं.

पहिलं वर्ष सगळं नवं होतं, सगळं चाललं. दुसऱ्या वर्षापासून समुद्राचा वारा आपलं काम करू लागला. रेवदंड्याच्या वाऱ्यात मीठ किती असतं ते घराच्या खिळ्यांना विचारावं. पितळ हिरवं पडायला लागलं, शिशाच्या तारेवर काहीबाही चढायला लागलं, आणि लाइनवर धड भार नसताना, चार दिवे जास्त लागले की खांबावर "फट्" असा आवाज होऊन अख्खी आळी अंधारात जायला लागली.

तेव्हा बंदर लाइन हरेश्वरकडे होती. त्याने विचार केला, आणि विचार कोळ्याच्या डोक्याने केला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. होडी वर्षाचे आठ महिने खाऱ्या पाण्यात असते, तरी कुजत का नाही? कारण तिला मुशीचं तेल पाजतात. मुशी माशाच्या काळजाचं तेल, वास असा की मांजर तीन घरं सोडून पळतं. पण लाकडाला लावलं की मीठ आत शिरत नाही, खिळा गंजत नाही. मग खाऱ्या वाऱ्यातल्या पितळेला तेच तेल का चालू नये?

तर हरेश्वरने दादूच्या होडीवरचं तेल एका बाटलीत भरून घेतलं, फडक्यात गुंडाळून कमरेला लावलं आणि खांबाखांबावर चढून एकेका डबीला बोटाने तेल चोपडलं. पकडींना चोपडलं, तारेला चोपडलं, अगदी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, चोपडावं तसं मायेने. आणि ही युक्ती त्याने कोणालाही सांगितली नाही. यूनुसला तर नाहीच नाही. त्याने उचलली म्हणजे?

आता यात झालं असं, की लाकूड तेल पितं, पितळ पीत नाही. तेल तिथेच राहिलं. त्यावर वाऱ्यातलं मीठ बसलं, रस्त्यावरची धूळ बसली. वीज सुरू झाली की पकड तापायची, तेल जळायचं, तव्याच्या बुडाला धरतं तसं कीट धरायचं. त्या किटातून वीज वाट काढायची ती आणखी तापून, आणि मग बिचारी शिशाची तार गुन्हा नसताना मरायची. हरेश्वर पुन्हा चढायचा, नवी तार घालायचा आणि काळजीपोटी वर आणखी तेल लावायचा.

बंदर लाइन आठवड्यातून दोनदा जायला लागली. बाजार लाइन, यूनुसची, जशीच्या तशी.

बाजारात चंदरचं चहाचं दुकान होतं. हरेश्वर तिथे टेकला की चंदर बशीत चहा ओतता ओतता म्हणायचा, "काय हरेश्वर, काल संध्याकाळी पुन्हा चढलावता म्हणे! बरा हाय रं तुझा व्यायाम."

"बंदरावर वारा किती, इकडं वारा किती," हरेश्वर म्हणायचा. "यूनुसला दिली ती लाइन देवळाच्या सावलीतली. मला दिली दर्याच्या तोंडात. शेटनं माणूस बघून लाइन दिली."

हे बोलणं फिरत फिरत शेटच्या कानावर गेलं. रतनशेट व्यवहारी माणूस. त्याने शिमग्यानंतर सरळ दोघांच्या लाइनी बदलल्या. बाजार लाइन हरेश्वरला, बंदर लाइन यूनुसला. "आता वारानो बहाना खतम," तो म्हणाला.

हरेश्वरला त्या दिवशी जेवण गोड लागलं. केसरला म्हणाला, "आता बघ गो. आता यूनुस बंदरावर नाचंल माकडासारखा."

"आनि तुम्ही?"

"मी चंदरच्या दुकानात चा पीत बसंन."

बाजार लाइनच्या डब्या त्याने उघडून बघितल्या तेव्हा त्या आतून लख्ख होत्या. हरेश्वरने त्यांना दया दाखवली नाही. सगळ्यांना तेल लावलं.

आषाढ संपेपर्यंत बाजार लाइन आठवड्यातून दोनदा जायला लागली होती. आणि बंदर लाइन? तीच लाइन, तेच खांब, तोच दर्याचा वारा. यूनुसच्या हातात गेल्यापासून एकदाही गेली नाही.

आता सांगा, माणसाने सहन तरी किती करावं? हरेश्वरची झोप उडाली. खांब माझे, डब्या माझ्या, वारा माझ्या वेळेला होता तोच. मग हा करतो काय? जाड, न उडणारी तार घातली असेल म्हणावं, तर दिनानाथ मास्तर अधूनमधून स्वतः बघायचे, ते बोलले असते. मग मोहल्ल्यातल्या कोणा फकिराचा ताईत? तेही नसावं, ताईत बांधला असता तर खालून दिसला असता. हरेश्वरने आपल्या मनाशी एक ठरवलं. आपल्याकडे जसं तेल आहे तसं यूनुसकडे काहीतरी औषध आहे. आणि ते आपल्या तेलापेक्षा चांगलं आहे. या दुसऱ्या वाक्याने त्याच्या पोटात जी कळ उठली, तिला ओवा काय करणार?

भाद्रपदात रतनशेटने आणखी एक गोष्ट जाहीर केली. दिवाळीनंतर लाइन चौलपर्यंत न्यायची. खांब येऊन पडले होते. या सगळ्यावर एक मिस्त्री लागणार. मिस्त्री म्हणजे पगार वाढला, आणि मुख्य म्हणजे दुसरा माणूस हाताखाली आला. शेट म्हणाला, "नवरात्रमंदी देवळात दिवे डबल, वखारीमंदी दिवे डबल, दोघांची लाइनवर सरखो भार. दसऱ्यापर्यंत ज्याची लाइन अंधार नाय करेल, तो मिस्त्री. बस."

हरेश्वर घरी आला तो कढईत टाकलेल्या कोळंबीसारखा आक्रसून. केसर मासळी विकून आली होती, पाय धूत होती.

"अवो, काय झालं?"

"दोघांतला एक मिस्त्री व्हनार. आनि एक त्याच्या हाताखाली."

"मग?"

"मग काय मग? मी यूनुसची शिडी धरीन? तो वर आनि मी खाली? 'हरेश्वरभाऊ, पान्हा द्या, हरेश्वरभाऊ, पक्कड द्या!' मरन बरं!"

केसर म्हणाली, "जरा त्याच्याकडनंच शिका की मग. माणूस चांगला हाय."

हे तिने बोलायला नको होतं. "चांगला हाय" हे दोन शब्द हरेश्वर रात्रभर चघळत पडला.

नवरात्र आठ दिवसांवर आलं आणि यूनुसला हिवताप आला. पावसाळा सरता सरता तो दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी येतोच. या वेळी यूनुसच्या घरी आला. दिवसाआड थंडी, मग ताप, मग घामाने अंथरूण ओलं. बातमी कळली तेव्हा हरेश्वर पहिल्यांदा हळहळला. खोटं कशाला बोला, अर्धा क्षण का होईना, हळहळलाच. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. यूनुस अंथरुणात आहे. बंदर लाइनचे खांब रिकामे आहेत. वर जाऊन डबी उघडून बघावी. ते औषध काय आहे ते कळेल. आणि कळल्यावर...

कळल्यावर काय, ते त्याने स्वतःलाही पुरतं सांगितलं नाही. पण शिडी उचलताना त्याने खिशात सुरी घातली, घासायचा कागद घातला आणि तारेचं नवं रीळही घातलं.

दुपारी इंजिन लाइनला जोडलेलं नसे, तेव्हा भीती नव्हती. पहिल्या खांबावर चढून त्याने डबी उघडली आणि त्याला ते दिसलं. शिशाच्या तारेवर, पकडींच्या कडांना, पांढरा थर. बारीक, मऊ, चुन्याच्या निवळीचा हात फिरवल्यासारखा. हरेश्वरने बोट लावून बघितलं, वास घेतला. वास नाही. म्हणजे औषध भारीतलं! चुनाच असेल, पण साधा नाही, काहीतरी खललेला. किती बेमालूम लावलाय बघा. "वा रे यूनुस," तो दात खाऊन म्हणाला. "मुंबईहून शिकून आलास व्हय!"

हे औषध थोडं पळवून आपल्या डब्यांना लावावं असं एकदा मनात आलं. पण ते खरवडलं की पूड होऊन वाऱ्यावर जायचं. मग दुसरा मार्ग. आपल्याला नाही तर त्यालाही नाही! हरेश्वरने सुरी काढली आणि तो थर खरवडला. पकडी कागदाने घासल्या, इतक्या घासल्या की खालचं पितळ सोन्यासारखं दिसू लागलं. औषधाचा कण राहायला नको. तारेवरचं काही निघेना, ती तार तर हात लावताच मोडली, इतकी ठिसूळ. म्हणून त्याने तारच काढून फेकली आणि रिळातली नवी, अंगावर काहीही नसलेली तार घातली. आपलं तेल? छे! शत्रूच्या डबीला तेल कोण लावतो? त्याने धोतराच्या सोग्याने डबी कोरडी ठणठणीत पुसली आणि बंद केली.

"आता उघड्या अंगानं उभी राहा वाऱ्यात," तो डबीला म्हणाला.

बंदर लाइनवर नऊ डब्या. एकेका डबीला इतकं बारकाईने खरवडायचं म्हणजे दोन दुपारी लागणार होत्या. पहिल्या दुपारी वखारीवरचे लोक खालून म्हणाले, "यूनुसचं काम करतोस का रं? देव बरं करील तुझं!" हरेश्वर वरूनच "हं" म्हणाला.

दुसऱ्या दुपारी तो मोहल्ल्यातल्या खांबावर होता आणि खालून आवाज आला, "हरेश्वरभाऊ, जरा खाली उतरा."

यूनुसची बायको, सफुरा. डोक्यावरची ओढणी सावरत उभी होती, हातात झाकलेली ताटली. हरेश्वरला वाटलं, पकडलो गेलो! चार पायऱ्या उतरून तो शिडीवरच अडकला.

"गरम सांदणं आहेत," ती म्हणाली. "तुम्ही उन्हातान्हात वर चढलात ते खिडकीतून बघितलं मी. काय बोलू? त्यांचा तर जीव सगळा या डब्यांत. तापात बडबडतात, 'सफुरा, माझ्या डब्या राहिल्या, नवरात्र आलं, माझ्या डब्या राहिल्या.' मी म्हटलं, हरेश्वरभाऊ बघतायत. तेव्हा कुठे डोळा लागला."

"डब्या राहिल्या म्हणतो?" हरेश्वरने विचारलं.

"दरवर्षी नवरात्राआधी काहीतरी करतात ना ते."

म्हणजे औषधाचा नवा हात द्यायचा राहिला! हे औषधच ना, अशी जी शंका हरेश्वरच्या मनात उरली होती ती फिटली. आपण बरोबर वेळेला आलो. त्याने सांदण तोंडात टाकलं. गुळाचं, जायफळ घातलेलं. केसरच्या हाताला कधी इतकं मऊ जमलं नव्हतं. म्हणजे बायकोसुद्धा! त्याने दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, आणि प्रत्येक घासागणिक यूनुसचा जास्त राग केला.

"अल्ला तुमचं भलं करो," सफुरा म्हणाली.

हरेश्वर वर जाऊन उरलेल्या तीन डब्या आणखी जोराने खरवडायला लागला.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्याने आपल्या बाजार लाइनला तेलाचा दुहेरी हात दिला आणि निर्धास्त झाला.

पहिल्या माळेला, दिवे लागून अर्धा तासही झाला नसेल, देवळात आरती सुरू होती, आणि "फट्." बाजार अंधारात. हरेश्वर घाईघाईने चढला, नवी तार घातली. खाली उतरून पहिली नजर कुठे टाकली असेल? बंदराकडे. बंदर झगझगत होतं. ठीक आहे, तो म्हणाला, उद्या जाईल.

उद्या गेली नाही. तिसऱ्या माळेला बाजार लाइन पुन्हा गेली. चंदर दुकानाच्या दारात कंदील घेऊन उभा होता. "हरेश्वर, मी घासलेट आधीच भरून ठेवलाय हो. तू घाई करू नको." पाचव्या माळेला तिसऱ्यांदा गेली. हरेश्वर आता संध्याकाळी आपल्या लाइनखाली उभाच राहत नसे. तो धक्क्यावर जाऊन बंदर लाइनच्या दिव्यांकडे बघत बसे. वखारींत दिवे दुप्पट लागलेले, वारा भन्नाट, आणि एक दिवा मिचकावेल तर शपथ! असे दिवे बंदराने कधी बघितले नव्हते. नव्या नवरीच्या नथीसारखे. हरेश्वरला वाटे, औषध खरवडलं तरी गुण पितळेत मुरला असणार. किती जबरी औषध असेल ते! आणि ते यूनुसकडे आहे, आपल्याकडे नाही. आठव्या माळेला बाजार लाइन चौथ्यांदा गेली, तेव्हा देवळातल्या बायका म्हणाल्या, "देवीला बहुतेक समईच आवडते."

दसऱ्याच्या सकाळी गिरणीत इंजिनाला झेंडूची माळ घातली होती. शेट, दिनानाथ मास्तर, हमाल, चहा घेऊन आलेला चंदर, सगळे जमले होते. यूनुसही आला. खांद्यावर शाल, गालफडं बसलेली, पण ताप उतरलेला.

रतनशेटने वेळ घालवला नाही. "बाजार लाइन, चार वेळा अंधार. बंदर लाइन, एक पण वेळा नाय. यूनुस मिस्त्री. पेढा खाव."

हरेश्वर खाली बघत होता. त्याने हे सगळं मनात शंभरदा बघून ठेवलं होतं, तरी लागायचं तितकं लागलंच.

"शेट, थांबा," यूनुस म्हणाला. "हे माझं नाही."

"शुं माझं नाय?"

"लाइन माझी, काम माझं नाही. शिमग्याला लाइन हाती आली तेव्हा मी सगळं घासून नव्या तारा घातल्या होत्या, पण बंदराच्या वाऱ्यात सहा महिन्यांत तारेवर पांढरं चढतं. शिसं आतून खाऊन टाकतं ते. दिसायला तार शाबूत, पण हात लावला की मोडते. म्हणून नवरात्राआधी मी सगळ्या डब्या उघडून ते पांढरं खरवडतो, पकडी घासतो, कोरड्या करतो आणि तार उडालेली नसली तरी नवी घालतो. मास्तरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तसं. या वर्षी मी पडलो अंथरुणात. पहिल्याच संध्याकाळी लाइन जाणार, हे मी सफुराला सांगून ठेवलं होतं." त्याने हरेश्वरकडे हात केला. "ते काम या माणसाने केलं. दोन दुपारी उन्हात. मी काल एक डबी उघडून बघितली. माझ्यापेक्षा चांगली घासलीय. मिस्त्री याला करा."

सगळ्यांनी हरेश्वरकडे बघितलं. अशा नजरेने त्याच्याकडे उभ्या जन्मात कोणी बघितलं नव्हतं. आणि हरेश्वरच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती. पांढरं. ते औषध नव्हतं. तो रोग होता.

"अरे वा!" शेट म्हणाला. "पण मग तुझी लाइनला का नाय केलं असं?"

उत्तर दिनानाथ मास्तरांनी परस्पर देऊन टाकलं. "शेट, आजारी माणसाचं आधी करत बसला, स्वतःचं राहिलं. दुसरं काय!" चंदरने चक्क डोळे पुसले.

आता फक्त मान हलवायची होती. एवढीशी. की हरेश्वर मिस्त्री. चौलची लाइन त्याची, यूनुस हाताखाली, शिडी यूनुस धरणार. हरेश्वरने मान हलवायला घेतलीही होती. पण तेवढ्यात यूनुस पुढे आला, त्याचा हात हातात घेतला आणि हसून म्हणाला, "मुबारक, हरेश्वरभाऊ. मी मनापासून देतोय."

देतोय!

म्हणजे उद्यापासून गाव म्हणणार, हरेश्वरला मिस्त्री यूनुसने केलं. केसर म्हणणार, बघा, मी म्हटलं नव्हतं चांगला माणूस आहे? चौलच्या प्रत्येक खांबावर चढताना हे यूनुसचं देणं अंगावर घेऊन चढायचं. मिस्त्रीपणही त्याचं आणि मोठेपणही त्याचंच! हरेश्वरने हात हिसडून घेतला.

"कोन देतोय रं तू मला?" तो ओरडला. "मी काय तुझी सेवा करायला चढलोवतो? तुझं औषध खरवडायला चढलोवतो मी! ते पांढरं तुझं औषध हाय असं वाटलं मला. म्हटलं, खरवडून टाकू, तारा फेकू, म्हंजे पहिल्याच माळेला तुझी लाइन मरंल. वाईट करायला गेलोवतो, समजलास? तुझ्या बायकोची सांदणं खाऊन वाईट करायला गेलोवतो! नको मला तुझं मिस्त्रीपन!"

शेटने पुढे केलेला पेढा परत ताटलीत ठेवला.

दिनानाथ मास्तरांनी हळूच विचारलं, "आणि स्वतःच्या लाइनला काय करत होतास?"

"मुशीचं तेल," हरेश्वर म्हणाला. बोलायला लागलाच होता, मग राखायचं काय?

"ते तर अख्ख्या बाजाराला ठाऊक हाय," चंदर म्हणाला. "तू शिडीवर चढलास की मी दुकानाची खिडकी लावून घेतो."

पहिल्यांदा यूनुस हसला. हिवतापाने खिळखिळा झालेला माणूस, त्याला ते हसू पेलेना, तो भाताच्या पोत्यावर बसला आणि शाल तोंडाशी धरून हसत राहिला. "औषध!" म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. मग मास्तर, मग हमाल. शेट मात्र गंभीर होता, कारण त्याच्यापुढे पेच होता.

"ए माणूस भलं करायला जाते तर अंधार करते," तो म्हणाला, "आणि बुरा करायला जाते तर एवढो उजेड. आता ह्याला काढायचो के ठेवायचो?"

"ठेवा शेट," यूनुस पोत्यावरूनच म्हणाला. "पण ती बाटली काढून घ्या."

मिस्त्री यूनुसच झाला. हरेश्वरने त्याच दुपारी बाजार लाइनच्या डब्या उघडल्या आणि सुरीने कीट खरवडायला बसला. पांढरं खरवडायला दोन दुपारी लागल्या होत्या, आपलं स्वतःचं काळं खरवडायला चार लागल्या. त्यानंतर बाजार लाइन वर्षभर गेली नाही. चंदरने कंदील माळ्यावर टाकला.

पण त्या दसऱ्याला तो घरी आला तेव्हा केसर दारातच उभी होती. गिरणीतली हकीकत तिच्यापर्यंत त्याच्या आधी पोचली होती. तरी तिने विचारलं, "कोन झाला मिस्त्री?"

हरेश्वर ओट्यावर बसला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी जमून आलं.

"यूनुस झाला," तो म्हणाला. "मी केला."

"तुम्ही?"

"मग? लाइन कोनी घासली? मी. कबूल कोनी केलं? मी. मी मान हलवली असती तर झाला असता का तो? शेटला विचार."

पुढची कित्येक वर्षं, चौलचे दिवे लागले, नागावपर्यंत खांब गेले, यूनुसला शेटने सायकल दिली, तरी हरेश्वर ज्याला त्याला हेच सांगत राहिला. एखादा पाहुणा बंदरावर उभा राहून म्हणाला की इथला उजेड काय छान आहे हो, की हा लगेच पुढे. "यूनुस मिस्त्रीचा उजेड तो. त्याला मिस्त्री कोनी केला, माहीत हाय?"

आणि यूनुस तिथे असला तर गंभीरपणे मान डोलवायचा. "यांनीच केलं," म्हणायचा. "यांनी मिस्त्रीपण नको म्हटलं नसतं तर मी सुटलो होतो."

मग हरेश्वर त्याच्या सायकलीकडे बघायचा. घंटा नवी होती. मागच्या आठवड्यात नव्हती.

"कितीला घेतली रं?" तो विचारायचा.